कोबाल्ट, निकेल आणि मॅचिंग सेंटर

रुबिना खोकली आणि मी ब्युरेटची तोटी बंद केली.

"किती आलं रे?" पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं.

"साडेनऊ."

"रंग कसा आला? माझा लई गडद झालाय."

"माझा गोरा, सुशील आणि गृहकृत्यदक्ष आलाय," मी म्हणालो.

सगळे हसले. मगदूम मॅडम हसल्या नाहीत. त्या रुबिनाकडे बघत होत्या.

"मुल्लाणी, हा खोकला कधीपासूनचा?"

"झाले की मॅडम, बरेच दिवस."

"टायट्रेशन असलं की वाढतो का?"

"ॲसिडच्या वासानं असंल, मॅडम."

"ॲसिड पाटणेच्या टेबलावर आहे. पाटणे ठणठणीत दिसतोय."

मी ठणठणीत दिसण्याचा प्रयत्न केला. मॅडम पुढे गेल्या.

हे एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचं. गडहिंग्लजमधलं कॉलेज, विषय केमिस्ट्री. आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची आणि फिकट गुलाबी रंग आला की त्या क्षणी थांबायचं, यावर केमिस्ट्रीची निम्मी इमारत उभी आहे. माझी अडचण अशी की मला गुलाबी रंग दिसत नाही. लाल आणि हिरवा वेगळे कळत नाहीत आणि गुलाबी तर मी निव्वळ लोकांच्या सांगण्यावर मानतो. परग्रहावर पाणी आहे म्हणतात, तसं.

हे फक्त रुबिनाला माहीत होतं. बी.एस्सी.ला असताना मी तिला म्हणालो होतो, लाल ओढणी छान आहे. ओढणी हिरवी होती. ती आधी चिडली, मग गप्प झाली, मग तिने मला कॉलेजच्या बागेत नेऊन एकेक फूल दाखवून परीक्षा घेतली. मी सपशेल नापास झालो. "तू केमिस्ट्रीत कसा काय आलास मग?" ती म्हणाली. मी म्हणालो, "बसने." तिने डोक्याला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून ती खोकायला लागली. एकदा खोकली म्हणजे थांब. दोनदा म्हणजे पुढे गेलास, परत कर.

आमच्या भागात मुलीही 'मी जातो', 'मी येतो' असंच म्हणतात. रुबिना म्हणायची, "मी खोकतो म्हणून तू पास होतोस. डिग्रीवर माझा घसा छापून घे."

ती चेष्टा करायची, पण तिला माहीत होतं की मी नापास झालो तर काय. आमचं दुकान आहे. श्री मल्लिकार्जुन मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, परकर. मल्लिकार्जुन म्हणजे मीच. बोर्ड माझ्या बारशाच्या आधी रंगवून आला होता. बायका पिशवीतून साडी काढतात, काउंटरवर पसरतात आणि म्हणतात, "याला लागून दाखवा." आप्पा डोळे बारीक करतात, वळतात आणि शेकडो ठाणांमधून एकच ओढतात. ते ठाण त्या साडीचं सख्खं भावंड असतं. माझ्या वडिलांचा पंचक्रोशीत लौकिक होता तो यावर.

आणि मी त्यांचा एकुलता एक वारस.

दहावीनंतरच्या सुट्टीत मी गल्ल्यावर बसलो होतो. देसाईकाकूंच्या साडीला मी जो फॉल दिला तो त्यांनी साडीला लावून पाहिला, काढला, पुन्हा लावून पाहिला. मी म्हणालो, "काकू, मुंबईत आता हेच चाललंय." आप्पांनी संध्याकाळी मला समोर बसवलं. "थट्टा घरात. धंद्यात नाही," एवढंच म्हणाले. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी आणखी एक फॉल दिला आणि त्यावर आणखी एक थट्टा केली. थट्टा केली की लोक हसतात, आणि हसणारा माणूस दुसऱ्यांदा बघत नाही, हे मी फार लवकर शिकलो होतो.

एम.एस्सी.ला प्रवेश घेताना आप्पा म्हणाले होते, "पहिल्या वर्षाला फर्स्ट क्लास आला तर पुढं शीक. नाही आला तर माझे गुडघे दुखायलेत, तू काउंटरला उभा राहा." त्यात राग नव्हता. त्यांना वाटायचं, मला गुलाबी आणि हिरव्यात उभं करणं ही माझी सोय आहे.

तर, खोकल्याच्या चौकशीनंतर दोन दिवसांनी मगदूम मॅडम घरून थर्मास घेऊन आल्या. आलं, तुळस, गवती चहा, मिरी आणि बहुतेक थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालून केलेला काढा. त्या रुबिनाच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत पिईपर्यंत हलल्या नाहीत. रुबिना माझ्याकडे बघत पीत होती. माणसाने माणसासाठी काय काय गिळावं, याचं ते दृश्य होतं.

"आता वाटतंय बरं?" मॅडमनी विचारलं.

रुबिनाच्या तोंडून आवाजच फुटत नव्हता. तिने मान हलवली.

"छान. आजपासून तू खिडकीजवळच्या टेबलावर बस. मोकळी हवा लागेल."

खिडकी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला होती.

मी ब्युरेट भरली आणि सुरुवात केली. फ्लास्क हलवत राहिलो. पाण्यासारखं होतं, पाण्यासारखंच राहिलं. लांब खिडकीत रुबिना एकदा खोकली, मग दोनदा, मग गप्प बसली, कारण एवढ्या लांबून तिलाही माझा फ्लास्क दिसत नव्हता आणि ती अंदाजाने खोकत होती. ब्युरेट रिकामी झाली. मी ती पुन्हा भरली.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या.

"एंड पॉइंट कुठं आहे, पाटणे?"

"यायचाय अजून, मॅडम. वाटेत असेल."

"तो येऊन गेला. बराच वेळ झाला."

"मला भेटला नाही."

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी फ्लास्क उचलला, प्रकाशासमोर धरला, खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिकडच्या कपाटातून लाल झाकणाची बाटली आण. हिरव्या झाकणाची नको, लाल."

कपाटात एकाच आकाराच्या दोन बाटल्या शेजारी होत्या. दोन्हींची झाकणं मला सारखीच. मी दोन्हींवर बोट फिरवलं. लेबलं बघावीत तर ती मुद्दाम केल्यासारखी भिंतीकडे होती. मी उजवीकडची घेतली, कारण माणसाने आयुष्यात कुठलीतरी बाजू घ्यावी.

मॅडमनी बाटली हातात घेतली, झाकणाकडे पाहिलं. मी म्हणालो, "मॅडम, हिरवं म्हणजे कच्चं लाल."

"बरं," त्या म्हणाल्या आणि बाटली ठेवून दिली. ती उघडलीसुद्धा नाही. मला वाटलं, बचावलो.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्पेक्ट्रोफोटोमीटरवरचं आच्छादन काढलं. हे यंत्र वर्षातून दोनदा बाहेर यायचं, एकदा खंडेनवमीला पूजेसाठी आणि एकदा परीक्षेच्या दिवसांत. वरच्या झाकणावर हळदीकुंकवाचा ठिपका होता. मॅडमनी तो पुसला नाही, त्याच्या बाजूने बोटं ठेवून यंत्र उघडलं.

"दोन धातू एकाच पाण्यात विरघळलेत," त्या म्हणाल्या. "कोबाल्ट आणि निकेल. वेगळे न करता, कोण किती आहे ते सांगायचं. कसं सांगाल?"

त्यांची नजर सगळ्यांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"पाटणे."

"त्यांनाच विचारायचं, मॅडम."

"बरोबर. पण काय विचारायचं?" त्या फळ्याकडे गेल्या नाहीत, टेबलाला टेकल्या. "लग्नाच्या पंगतीत दोन तऱ्हेचे पाहुणे बसलेत असं समजा. एक जिलबीवर तुटून पडतो, भात नावाला खातो. दुसरा मसालेभात ओढतो, जिलबी नावाला. तुम्ही स्वयंपाकघरात आहात. पाहुणे दिसत नाहीत. पण जिलबी किती गेली आणि भात किती गेला हे तुम्हाला कळतंय. एकेक पाहुणा साधारण कशाला किती हात मारतो, हे आधी जेवू घालून बघितलंय. मग आत किती कोबाल्ट-पाहुणे आणि किती निकेल-पाहुणे बसलेत, ते सांगता येईल का नाही?"

"दोन समीकरणं होतील," रुबिना खिडकीतून म्हणाली.

"दोन समीकरणं, दोन अज्ञातं. पाचशे दहा नॅनोमीटरचा प्रकाश ही कोबाल्टची जिलबी. तीनशे पंच्याण्णवचा प्रकाश हा निकेलचा भात. प्रकाश आत सोडायचा, किती खाल्ला गेला तो आकडा वाचायचा. पाहुण्यांची तोंडं बघायला जायचं नाही."

मी यंत्राच्या समोर बसलो. क्युव्हेट म्हणजे चौकोनी काचेची बोटाएवढी नळी. तिच्या दोन बाजू घासून खरखरीत केलेल्या असतात, तिथेच धरायचं, कारण गुळगुळीत बाजूंवर बोट उमटलं तर यंत्र बोटालाही पाहुणा समजतं. आधी नुसतं पाणी घालून शून्य लावायचं. मग कोबाल्ट. झाकण बंद. आकडा आला.

आकडा. काळ्या पट्टीवर, स्पष्ट, दशांश चिन्हासकट. मी तो बघत बसलो. आजवर मला केमिस्ट्रीने जे काही विचारलं ते सगळं 'दिसलं का?' असं विचारलं होतं. हे यंत्र उलट मलाच सांगत होतं.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. हा माणूस फार नीट बोलतो."

आता मी औषधांच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर असल्याच यंत्रांशी बोलतो. पहिली ओळख ती अशी झाली.

त्या दिवशी तास संपताना मॅडमनी एका काचपात्रात कोबाल्टचं द्रावण घेतलं आणि त्यात निकेलचं हळूहळू ओतायला लागल्या. सगळे भोवती गोळा झाले. मला दोन्ही पात्रांत धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखं काहीतरी दिसत होतं, म्हणून मी मागे उभा राहिलो. पुढची मंडळी मात्र एकदम बोलायला लागली.

"अरे, गुलाबी गेलं."

"हिरवं पण गेलं की."

"रिॲक्शन झाली, मॅडम?"

"काही झालेलं नाही. दोघंही तिथंच आहेत. गुलाबी जो प्रकाश गिळतो तो हिरवा सोडतो, हिरवा गिळतो तो गुलाबी सोडतो. एकत्र आले की सगळंच थोडं थोडं गिळलं जातं. मग डोळ्याला रंग लागत नाही." त्यांनी पात्र उंच धरलं. "आता काय दिसतंय? एकेकानं सांगा."

"राखाडी."

"घाण पाणी."

"भांडी विसळलेलं."

"काहीच नाही, मॅडम," रुबिना म्हणाली.

"पाटणे?"

सवयीने मी रुबिनाकडे बघितलं. ती खोकली नाही. ती तोंड उघडं ठेवून त्या पात्राकडे बघत होती.

"काहीच नाही," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतं, कारण सगळ्यांचं उत्तर तेच होतं. मला ते जरा चुकल्यासारखं वाटलं. मी घरी जाईपर्यंत विचार करत होतो की काय चुकलं, आणि मग लक्षात आलं की काहीच चुकलं नव्हतं, त्याची सवय नव्हती.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले ते डॉ. इंगवले. फार स्वच्छ माणूस. त्यांनी आल्या आल्या खिशातून नॅपकिन काढून खुर्ची पुसली, मग टेबल पुसलं, मग नॅपकिनची घडी उलटी केली. पोहे आणि चहा झाला. चिठ्ठ्या उचलायच्या होत्या, त्यात मला, रुबिनाला आणि आणखी काहींना मिश्रणाचा प्रयोग आला. आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर एकेक फ्लास्क, आत अज्ञात मिश्रण. माझ्या मनात फक्त आप्पांचे गुडघे होते. या प्रॅक्टिकलचे गुण निम्मं वर्ष ठरवणारे होते.

मी क्युव्हेट स्वच्छ केला, माझ्या मिश्रणाने दोनदा विसळून घेतला, भरला, आणि यंत्राजवळ रांगेत उभा राहिलो. त्या वेळात इंगवले सर फेरीला निघाले. रुबिनाजवळ पोचले तेव्हा ती घाबरून खोकली. या वेळी खरंच.

"खोकला आहे? बाहेर जाऊन गरम पाणी पिऊन या. मुलांच्या द्रावणावर खोकू नका."

ती गेली. सर माझ्या टेबलाशी आले. मी रांगेतून बघत होतो. त्यांनी माझा फ्लास्क उचलला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू पोह्यात केस निघाला.

"परीक्षेला न धुतलेली भांडी," ते स्वतःशीच म्हणाले.

आणि त्यांनी माझं मिश्रण बेसिनमध्ये ओतलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ते शिस्तीचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी फ्लास्क नळाखाली धुतला, मग शुद्ध पाण्याने विसळला, पुन्हा विसळला, झटकला आणि माझ्या टेबलावर उपडा ठेवला. इतका स्वच्छ फ्लास्क मी त्या कॉलेजात पुन्हा पाहिला नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकाला 'सर, तुम्ही माझं वर्ष बेसिनमध्ये ओतलं' असं सांगायची पद्धत आमच्याकडे नाही. मी रांगेत उभाच राहिलो. मॅडम चहाच्या कपबशा आत पाठवून आल्या, माझ्या टेबलाकडे बघितलं आणि थेट माझ्याकडे आल्या.

"सॅम्पल?"

"सरांनी धुतला, मॅडम."

"काय धुतला?"

"फ्लास्क. सॅम्पलसकट."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी हात पुढे केला. क्युव्हेटमध्ये जेमतेम चमचाभर द्रावण होतं.

"हे आहे?"

"हे आहे."

"सांडू नकोस," त्या म्हणाल्या. "श्वास घेतलास तरी चालेल, पण हळू."

मी यंत्रापाशी बसलो. झाकण उघडलं, नळी ठेवली, पाचशे दहाला वाचलं. लिहिलं. तीनशे पंच्याण्णवला वाचलं. लिहिलं. पुन्हा दोन्ही वाचलं, कारण आकडा एकदा बोलला तर तो योगायोग असू शकतो. मग समीकरणं सोडवली. कोबाल्ट इतकं, निकेल इतकं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

तोंडी परीक्षेला इंगवले सरांसमोर बसलो. शेजारी मगदूम मॅडम. सरांनी माझं उत्तरपत्रक वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"द्रावणाचा रंग. इथं काही लिहिलेलं नाही."

मी दाराकडे बघितलं. रुबिना बाहेर तोंडीच्या रांगेत होती. मी तोंड उघडलं, काहीतरी विनोदी येईल या भरवशावर. काही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोठार रिकामं निघालं.

"सर, मला लाल आणि हिरवा वेगळे कळत नाहीत," मी म्हणालो. "जन्मापासून. म्हणून रंगाचं लिहिलं नाही. आकड्यांचं लिहिलंय."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "मग केमिस्ट्री कशाला घेतलीत?"

"घरी मॅचिंग सेंटर आहे, सर."

त्यांना हसावं की नाही ते कळेना. त्यांनी मॅडमकडे बघितलं. "मॅडम, हे गंभीर आहे. उद्या हा कुठं नोकरीला लागला, इंडिकेटरचा रंग चुकला, तर? आपण सही करणार. जबाबदारी आपली."

ते वाईट नव्हते. ते बरोबर बोलत होते, आणि म्हणूनच मला गल्ल्यावरची खुर्ची दिसायला लागली. तिच्यावरची गादी लाल आहे असं म्हणतात.

"त्याचं उत्तर बघा, सर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खरे आकडे समोर ठेवले. सरांनी माझे आकडे बघितले, त्यांचे बघितले, पुन्हा माझे बघितले.

"जवळ आहे," ते म्हणाले. "फारच जवळ आहे. पण बाकीच्यांना रंग दिसत होता. हा..."

मॅडम उठल्या आणि खिडकीजवळच्या टेबलावरून रुबिनाचा फ्लास्क घेऊन आल्या. सरांच्या हातात दिला. "यात कोणता रंग दिसतोय, सर?"

सरांनी उजेडात धरला. "हाही धुतलेला नाही. मघाशी एक मी स्वतः धुतला."

"हेच सॅम्पल आहे, सर."

"म्हणजे?"

"कोबाल्ट आणि निकेल. मिश्रणवाल्या सगळ्यांना हेच दिलंय."

सर फ्लास्ककडे बघत राहिले. "मग मी मघाशी जे ओतलं..."

"ते सॅम्पल होतं."

"कोणाचं?"

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. मी नमस्कार केला. दुसरं काय करायचं सुचलं नाही.

"मग यानं मोजलं काय?"

"नळीत उरलं होतं तेवढं," मी म्हणालो.

सरांनी चष्मा काढला, नॅपकिनने पुसला, पुन्हा घातला आणि फ्लास्क पुन्हा उजेडात धरला. चष्म्याने काही फरक पडला नाही.

"तुम्ही दरवर्षी परमँगनेट आणि डायक्रोमेट देता ना?" त्यांनी विचारलं. "जांभळं आणि नारिंगी. चांगलं ठसठशीत असतं."

"हो."

"यंदा का बदललं?"

"ठसठशीत असलं की मुलं लांबूनच ओळखतात, सर. मोजायला शिकतच नाहीत."

"ते ठीक आहे. पण हे असं विसळल्यासारखं? दोघांचं प्रमाण इतकं नेमकं जुळवलंत, ते उगाच तर जुळलं नसेल."

"नाही. जुळवलं. निकेलची बाटली संपली त्यात."

"कशासाठी?"

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या रुबिनाचा फ्लास्क टेबलाच्या मधोमध सरकवत होत्या, पडू नये म्हणून.

"सगळ्यांना सारखंच दिसावं म्हणून," त्या म्हणाल्या.

मी माझ्या गुडघ्यांकडे बघत बसलो. कपाटातल्या दोन बाटल्या, भिंतीकडे केलेली लेबलं, आणि त्या दिवशीचं ते 'बरं'. इतके दिवस मला वाटत होतं की मी बचावलो होतो.

"आणि टायट्रेशन?" सर म्हणाले, पण आता आवाज वेगळा होता. "ते तर टळत नाही."

"तेही याच यंत्रावर होतं. थेंब टाकत जायचं आणि आकडा कुठं वळतो ते बघायचं. पुढच्या सत्रात शिकवणार आहे. त्याला, आणि बाकीच्यांनाही."

सरांनी पेन उघडलं. रंगाच्या रिकाम्या जागेत त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'सांगता येत नाही', आणि खाली सही केली. मग मला म्हणाले, "जा. आणि पुढच्या वेळी परीक्षक भांडं धुवायला लागला तर ओरडा."

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला मी काउंटरच्या आत गेलो. आप्पा ठाणं गुंडाळत होते.

"आप्पा, मला लाल-हिरवा कळत नाही."

"म्हणजे?"

"दिसतच नाही तसं. दोन्ही सारखेच."

त्यांचे हात थांबले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग देसाईबाईंचा फॉल..."

"हो."

"आणि तू त्यांना मुंबईचं सांगितलंस."

"हो."

"त्या अजून तसलाच फॉल मागतात," आप्पा म्हणाले. मग हातातल्या ठाणाची सुटलेली घडी नीट केली. "मला वाटायचं, तू दुकानाची टिंगल करतोस. माझ्या कामाची."

"टिंगल नव्हती."

"कोणाला कळलं हे?"

"मगदूम मॅडमना."

"कसं?"

"बघितलं त्यांनी."

आप्पांनी हातातलं ठाण काउंटरवर ठेवलं. "मी पण रोज बघत होतो की," ते म्हणाले.

ते वळले, आणि नेहमी एका झटक्यात ठाण ओढणारा माणूस त्या दिवशी मांडणीपुढे कितीतरी वेळ उभा राहिला. मग एक ठाण काढलं, ब्लाउजपीस फाडला, कागदात गुंडाळला. "मॅडमना दे. आणि तुझं कॉलेज उघडेपर्यंत काउंटरला उभा राहायचं नाही. गोदामात बस, हातानं कापड तपासत जा."

दुसऱ्या दिवशी मॅडम प्रयोगशाळेच्या दारात भेटल्या. मी पुडी पुढे केली. वाटेत येताना एक लांबलचक आभाराचं भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरलो.

"आप्पांनी दिलंय."

त्यांनी कागद उलगडला, कापड उजेडात धरलं. "कसं आहे?"

"मॅडम, मला रंगाचं कळत नाही," मी म्हणालो.

"ते माहीत आहे. मी कापडाचं विचारतेय."

मी कापड दोन बोटांत धरलं, चुरगळलं, सोडलं. सुरकुती राहिली नाही.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "अस्तर लावायची गरज नाही. धुतल्यावर आटणार नाही."

"मग मी हेच शिवीन," मॅडम म्हणाल्या, आणि पुडी काखेत धरून आत गेल्या, कारण पुढची बॅच यंत्रापाशी येऊन थांबली होती.